मावशी, तू आईचं नाव पाठ केलंस

मावशी,

हे पत्र तुला वाचता येणार नाही, तरी मराठीतच लिहितोय, कारण दुसऱ्या भाषेत लिहायला घेतलं की दोन ओळींतच ऑफिसचा रिपोर्ट होतो. तुझा मास्तर भाचा खाली पोपोंडेट्टा शहरात उतरला की त्याला फोनवर सगळं सांगेन, तो तुला सांगेल. बाकी आमच्या लोकांनीही वाचावं म्हणून उघड्यावर टाकतोय.

तर आमच्या लोकांनो, पापुआ न्यू गिनी म्हणून देश आहे, आठशेच्या वर भाषा, आणि त्यातल्या ओरो प्रांतात डोंगरावर मनगालासचं पठार, तिथे आफोरेच्या आजूबाजूला बराई लोकं राहतात, जेमतेम काही हजार. मी रामटेकचा, सोलरचे पॅनल बसवायच्या कामावर गेलो होतो. बाबांना फोनवर म्हटलं बराई लोकांकडे उतरलोय, तर बाबा म्हणे, "तिथंबी बारई पोचले काय?" आमच्याकडे बारई म्हणजे पानमळेवाले. आणि गंमत बघा, सकाळी उठून बघतो तर सगळं गाव तोंड लाल करून बसलेलं! सुपारी हिरवी, सालासकट दातांनी फोडायची, आणि पानाऐवजी त्याच वेलीचं शेंगेसारखं फळ चुन्यात बुडवून चावायचं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, खोटं नाही सांगत.

त्या शनिवारी भावाचा मेसेज आला, आई आयसीयूत आहे, निघता येईल तर निघ. टेकडीवर एका झाडाखाली सिग्नल यायचा, तिथेच मी बसून राहिलो. ज्यांच्या कामासाठी गेलो होतो त्यांना फोन लावला, तर आज गाडी पाठवतो, मग म्हणे उद्या, मग रस्ता खराब आहे, मग फोनच लागेना. रस्ता खराब आहे हे खरं, पण मला वर सोडताना तोच रस्ता चालला होता ना. राजधानीत आपल्या भारतीय लोकांचा ग्रुप आहे, दिवाळीला सगळे झब्बे घालून फोटो टाकतात, तिथे मेसेज टाकला तर बावीस हात जोडलेले इमोजी आले. बावीस, मी मोजले, दुसरं काम काय होतं! एकानेही फोन करून विचारलं नाही की बाबा तू आहेस कुठे.

तू विचारलंस. तेही वेगळंच काहीतरी विचारलंस.

तुमच्याकडे मोठ्या बाईला सगळे "मामा" म्हणतात. आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ, मिशीवाला, त्यामुळे ते माझ्या तोंडातून काही निघेना, म्हणून मी तुला पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत आलो आणि तू ओ देत आलीस. संध्याकाळी मला टेकडीवरून तूच हाताला धरून खाली आणलंस, चुलीपाशी बसवलंस, भाजलेलं रताळं हातात दिलंस. काय झालं, किती खर्च, कुठलं हॉस्पिटल, काही नाही. मास्तरला मध्ये बसवून एवढंच विचारलंस की आईचं नाव काय.

मी सांगितलं. नाव इथे लिहीत नाही, पण त्यात ळ आहे. तुझ्या जिभेवर त्याचा र झाला. मी म्हटलं चालेल मावशी, आमच्या खेड्यापाड्यातही ळ चा य होतो. तू मान हलवलीस, नाही, नीट सांग. मग मी रताळ्याकडे बोट दाखवून रताळं म्हटलं, कोपऱ्यातल्या कंदाकडे दाखवून अळू, वर टांगलेल्या घडाकडे दाखवून केळं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तुझी अख्खी वाडी ळ ने भरलेली आहे. पोरं हसायला लागली, तू पण हसलीस, मी पण. आई आयसीयूत आणि मी तिथे अळू अळू करत हसतोय! पण त्या रात्री तेवढाच वेळ छातीवरचा दगड खाली होता. पोरं झोपल्यावरही चुलीपाशी तू एकटीच पुटपुटत होतीस, मला ऐकू येत होतं. र, र, मग र आणि ड च्या मधलं काहीतरी.

रविवारी पहाटे गाडीची जुनी रिम बडवून घंटा झाली. मी चर्चवाला नाही, आमच्या घरी गडमंदिर आणि शनिवारचा मारुती, पण तू म्हणालीस चल, तर आलो. ओरोत हे अँग्लिकन मिशनचं काम जुनं आहे, 1891 ला शेजारच्या प्रांतातल्या डोगुराच्या किनाऱ्यावर पहिले दोघे मिशनरी उतरले तिथपासूनचं. आणि तुमच्यातले काही ॲडव्हेंटिस्ट पंथाचे, म्हणजे रविवारऐवजी शनिवार पाळणारे, डुक्कर आणि सुपारी सोडलेले, त्यांच्यावरून तू केलेला विनोद मी इथे सांगत नाही. तुझा बराई भाषेतला नवा करार धुराने इतका काळा झालेला की अक्षरं तूच ओळखावीत. भिंतीला झाडाच्या सालीचं टापा कापड, बाजूला कुंडू ढोल, जमिनीवर एका बाजूला बाया एका बाजूला बाप्ये, अगदी आपल्या कीर्तनात बसतात तसे.

प्रार्थनेत तू उभी राहिलीस. मला एक शब्द कळत नव्हता. आणि मध्येच आईचं नाव आलं. स्वच्छ. ळ सकट.

तुमच्या भाषेतही क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं हे मास्तरने सांगितलं होतं, म्हणून मी आईचं नाव ऐकून वाक्य संपायची वाट बघत बसलो, तिच्यासाठी काय मागितलंस ते शेवटी कळेल म्हणून. वाक्य संपलं, कळलं काहीच नाही, मी फक्त रडलो. आजूबाजूच्या सगळ्यांनी ते नाव परत घेतलं, कोणी र, कोणी ल.

बाहेर आल्यावर मी जरा चिडूनच विचारलं की याने काय होणार. तू दूर ढगातल्या डोंगराकडे हनुवटी केलीस. लॅमिंग्टन, ज्वालामुखी. 21 जानेवारी 1951 ला तो फुटला, तीनेक हजार माणसं गेली. "तो पण रविवार होता," एवढंच बोललीस आणि पिशवी उचलून वाडीकडे निघालीस. मी त्या वाक्यावर किती रात्री घालवल्यात तुला सांगू नये.

सोमवारी तू आणि तुझी दोन पोरं माझं सामान बिलमच्या पिशव्यांत घालून, पट्टा कपाळाला लावून, पुढच्या गावातल्या ट्रकपर्यंत चालत आलात. चिखल, ओढे, ते सगळं सांगत बसत नाही. गाडी म्हणे मंगळवारी वर पोचली, आणि माझ्या नावावर फेरीचं बिल लावलं! लावा बाप्पा.

मी घरी पोचलो तेव्हा आई गेली होती. प्रार्थनेने काही झालं असं मी म्हणत नाही, तूही तसं म्हणाली नव्हतीस. पण मला कोणी विचारतं की शेवटी तुझी भेट नाही झाली ना रे, तर मी हो म्हणतो आणि मनात म्हणतो की साता समुद्रापलीकडे एका गावात तिचं नाव घेतलं गेलं आणि मी तिथे हजर होतो. तेराव्याला इथल्या गुरुजींनी तिचं नाव दोनदा चुकवलं, कागद समोर असून. माझ्या तोंडावर आलं होतं, की महाराज, आमच्या मावशीकडे शिकवणीला जा. बायकोने हात दाबला म्हणून गप्प बसलो.

चांगली माणसं असतात मावशी, आमच्याकडेही आहेत, त्या दिवशी ग्रुपवर नव्हती एवढंच.

तुझी बिलम आईच्या खोलीत खुंटीला आहे. पार्सल पाठवतोय, किती महिने लागतील देव जाणे. त्यात दोन अडकित्ते आहेत, रामटेकच्या बाजारातले, एक तुझा, एक मास्तरचा. तुझी डावीकडची दाढ दुखते ते मी बघितलंय, सुपारी आता दातांनी फोडत जाऊ नकोस. धार चांगली लावून घेतली आहे, पहिल्यांदा मास्तरला कापायला सांग, आणि पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नकोस.

तुझा,
रामटेकचा भाचा