सहा फुटांची गोष्ट

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "शेजाऱ्यांनी कुंपण सहा फूट आत घेतलंय बाबा, पण जाऊ दे, तो तुकडा तसाही पडीकच आहे." मी तेव्हा काही बोललो नाही. कारण एकेकाळी हेच वाक्य माझ्या तोंडी होतं.

दुसऱ्या एका तुकड्यावर एकाने शेड टाकली होती. दहा वर्षांत मी त्याला तीन नोटिसा धाडल्या आणि हक्क शाबूत राहिला असं समजून निवांत झोपलो. अकराव्या वर्षी वकिलांनी झोप उडवली. नुसत्या नोटिशीने दावा लावायची मुदत थांबत नाही म्हणाले. एक तर ताबा परत घ्या, नाहीतर दावा लावा. शेवटी दावा लावला, तोही अगदी काठावर. पोचपावत्या अजून कपाटात आहेत, माझ्या शहाणपणाचा पुरावा म्हणून!

आपल्याकडे लिमिटेशन ॲक्ट, 1963 (मुदतीचा कायदा) मधल्या 65 व्या अनुच्छेदाप्रमाणे, दुसऱ्याचा ताबा प्रतिकूल, म्हणजे मालकाचा हक्क नाकारणारा, झाला त्या दिवसापासून बारा वर्षांत मालकाने दावा लावायला हवा. सरकारला तीस वर्षं मिळतात. मुदत उलटली की कलम 27 लागतं, आणि मग नुसता दावाच नव्हे, जमिनीवरचा हक्कच संपतो. पूर्वी असा ताबेदार "मुदत उलटली, आता जमीन माझी" हे फक्त बचावात म्हणू शकतो, अशी समजूत होती. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो स्वतःही या आधारावर दावा लावू शकतो.

घाबरू नकोस, नुसता ताबा पुरत नाही. तो उघड हवा, सलग हवा आणि मालकाचा हक्क नाकारून घेतलेला हवा. केव्हापासून, कसा, हे सगळं सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर असतो. आत्याच्या हिश्श्याचीही तू विनाकारण काळजी करतेस: एक सहहिस्सेदार जमीन कसतो म्हणून दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. "तुझा हिस्साच नाही" असं त्याने आत्याला उघडपणे ठणकावून तिला बाहेर काढलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि परवानगीने बसलेला माणूस, भाडेकरू असो की राखणदार, केवळ वर्षं मोजून मालक होत नाही. म्हणून भांडायचं नसेल तर भांडू नकोस, पण परवानगी दे, आणि ती कागदावर दे. मनाचा मोठेपणा कायद्यातही उपयोगी पडतो, फक्त त्याखाली सही हवी. इंग्लंडमध्ये 2002 च्या कायद्यानंतर नोंदणीकृत जमिनीवर अशा ताबेदाराचा मालकीसाठी अर्ज आला, की नोंदणी खातं आधी मालकाला कळवतं. आपल्याला कोणी कळवत नाही. आपणच जाऊन बघायचं.

तेव्हा आधी सरकारी मोजणी करून घे, हद्दीच्या खुणा पक्क्या कर, कुंपणाचे तारखेसह फोटो ठेव. सोबत मसुदा पाठवतोय: "सदर सहा फूट जागा मालकाच्या परवानगीने वापरत आहे, मागितल्यावर रिकामी करून देईन." शेजाऱ्यांनी सही केली तर उत्तम. नाही केली, तर कुंपण कधी सरकलं ती तारीख वहीत लिही आणि वकिलांकडे जा. तार स्वतः उपटायला मात्र जाऊ नकोस. जबरदस्तीने ताबा काढला तर सहा महिन्यांच्या आत तोच तुझ्यावर दावा लावू शकतो, आणि त्यात मालक कोण हे कोर्ट विचारतही नाही.

मोजणीची तारीख कळव. मी येतो.

तुझा,
बाबा