कपाटातला प्रोसेसर आधी बाहेर काढा

माननीय संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याविषयीचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण खरेदीच्या यादीत पहिलीच वस्तू ‘ऑडिओ इंटरफेस’ (वाद्य किंवा माईक संगणकाला जोडायचे यंत्र) पाहून मला मडगावच्या एका दुकानातली दुपार आठवली. माझ्याकडे गिटारचा इफेक्ट्स प्रोसेसर (गिटारच्या आवाजावर एको वगैरे चढवणारे यंत्र) आहे, त्याला मागे यूएसबीचे भोक आहे, त्याने काम भागणार नाही का, असे मी तिथे विचारले होते. दुकानदार म्हणाला, “ते भोक नुसते अपडेट करायला असते, काका.” मी मान डोलावली. खिशात पुरेसे पैसे नव्हते म्हणून वाचलो.

मी शिरोड्याचा. वीज खात्यातून निवृत्त झालो आणि हवाईयन गिटारवर नाट्यगीते वाजवण्याचा जुना नाद पुन्हा धरला. प्रोसेसर भाच्याचा. नोकरीसाठी तो बेंगळुरूला गेला, त्याचा बँड मोडला आणि ही पायाने दाबायची पेटी आमच्या कपाटात आली. (आमच्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम, म्हणून पुढे प्रोसेसरच म्हणतो.)

घरी येऊन विचार केला. इंटरफेस करतो काय? तारेचा विद्युत संदेश आकड्यांत बदलून संगणकाला देतो आणि संगणकाकडून आलेले आकडे पुन्हा आवाजात बदलतो. प्रोसेसरमधला एको आणि रिव्हर्बही (मोठ्या दालनातल्यासारखा घुमारा) आकडेमोडीतूनच निघतो. म्हणजे आवाजाचे आकडे तिथे आधीच तयार असतात, फक्त ते यूएसबीतून बाहेर सोडायची सोय हवी. दुकानदार अगदीच खोटे बोलला असे नाही, काही मॉडेलांत ते भोक खरोखर अपडेटपुरतेच असते. पण माहितीपुस्तिकेत ‘यूएसबी ऑडिओ’ हे दोन शब्द आहेत का, एवढे बघायला कितीसा वेळ लागतो?

पहिल्या दिवशी संगणकाला काहीच दिसेना. वायर मोबाईल चार्जिंगची निघाली, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. डेटा नेणारी वायर लावली आणि काम झाले. विंडोजवाल्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा आसिओ ड्रायव्हर (संगणक आणि प्रोसेसर यांच्यात आवाज झटपट नेणारा प्रोग्रॅम) घ्यावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली ही पद्धत आजही चालते. तिच्याशिवाय आवाज उशिरा येतो. किती उशिरा, ते बफरवर, म्हणजे आवाजाचे किती नमुने एका वेळी साठवून पुढे पाठवायचे त्यावर ठरते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असतील तर १,०२४ नमुन्यांच्या बफरला २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे मी सोप्यावर वाजवायचे आणि सूर अंगणातल्या तुळशीपलीकडून ऐकू यायचा! बफर १२८ केला की तेच तीन मिलिसेकंदांच्या आत येते. जाण्यायेण्याचा मिळून दुपटीहून अधिक, पण हाताला जाणवत नाही. जुन्या लॅपटॉपवर मात्र बफर फार उतरवला की आवाज तडतडतो. माझे २५६ वर भागते.

खरे तर स्वतःचे वाजवणे ऐकायला संगणकाची गरजच नाही. हेडफोन प्रोसेसरलाच लावायचा. हे कळण्याआधी मला प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत होता, एक प्रोसेसरमधून थेट आणि एक संगणकाला वळसा घालून. मी तारा बदलल्या, स्टीलचा बार पुसला, शेवटी बायको म्हणाली, “कान तपासून घ्या.” भाच्याने फोनवर सॉफ्टवेअरमधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (वाजवलेले लगेच परत ऐकवण्याची सोय) बंद करायला सांगितले आणि कान बरे झाले. दुसरा घोटाळा संगणकावर लावलेल्या तानपुऱ्याचा. ड्रायव्हर बसल्यावर संगणकाचा सगळा आवाज प्रोसेसरमधूनच बाहेर पडू लागला, आणि मी मुक्या लॅपटॉपजवळ कान नेऊन षड्ज शोधत बसलो होतो.

एक चूक मात्र निस्तरता आली नाही. पहिली चार गाणी मी भरपूर रिव्हर्ब लावून मुद्रित केली. ऐकताना झोकात वाटले, नंतर कळले की विहिरीत बसून वाजवल्यासारखे झाले आहे. मुद्रणात मिसळलेला रिव्हर्ब मागाहून नीट काढता येत नाही. काही प्रोसेसर कोरा आवाज वेगळ्या चॅनेलवर पाठवतात, माझा पाठवत नाही. म्हणून आता जवळजवळ कोरेच वाजवतो आणि रिव्हर्ब सॉफ्टवेअरमध्ये घालतो. लॅपटॉपच्या चार्जरमुळे घूं असा आवाज येत होता, तो चार्जर काढून बॅटरीवर वाजवले की जातो. जन्म विजेत गेला तरी हे सुचायला आठवडा लागला, ते खात्यातल्या मित्रांना सांगू नये.

मर्यादाही सांगायला हवी. गेल्या चवथीला मंडळातल्या मुलांना घुमट या मातीच्या चर्मवाद्यावरची आरती मुद्रित करायची होती. त्यांनी गायनाचा साधा माईक प्रोसेसरच्या गिटारच्या भोकात खुपसला. आवाज मुंगीएवढा आला, आणि वाढवला तर घुमटापेक्षा खरखर जास्त. ते भोक गिटारच्या पिकअपसाठी (तारांचे कंपन विद्युत संदेशात बदलणाऱ्या भागासाठी) असते, सुमारे १० लाख ओहम रोधाचे. माईकचा संदेश त्या मानाने फार दुबळा, त्याला संदेश वाढवणारा वेगळा प्रीअँप लागतो. कंडेन्सर माईकला वर ४८ व्होल्ट पुरवावे लागतात, तेही या प्रोसेसरमध्ये नाहीत. घुमट, शामेळ, झांज आणि दहा गळे घ्यायचे तर इंटरफेसच आणा, तिथे लेखकाचे बरोबर आहे. पण गिटार, बेस किंवा फार तर आवाज कमी ठेवलेला कीबोर्ड एवढेच वाजवणाऱ्या पोराला हजारोंच्या खर्चात घालण्याआधी लेखात एक ओळ हवी होती. ती पुढच्या लेखात यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

जाता जाता, आमच्या मंडळाच्या कपाटातही एक प्रोसेसर सापडला आहे, पण त्याचा अडॅप्टर कोणीतरी नेला. ९ व्होल्टचा, मधल्या टोकाला ऋण असलेला कोणाकडे पडून असल्यास देवळात आणून द्यावा. उलट्या टोकाचा आणू नये.

आपला,
एक हवाईयन गिटारवादक वाचक,
शिरोडा, फोंडा