आजीच्या पायमोज्यांचं गणित

ट्रॉन्डहाइम, नॉर्वे
२० जानेवारी

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीचा हलवा पोचला. डबा उघडला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि बाहेर अजून अंधार होता. निफाडला पारा उतरला की तू मला फोनवर थंडी सांगतेस, ती ऐकायला फार बरं वाटतं. गॅलरीतल्या उन्हात तू पाय पसरून बसली असशील, शेजारी लोकरीची पिशवी, हे लगेच डोळ्यांसमोर येतं.

आज मुद्दाम पत्र लिहिते आहे, कारण काम फोनवर होण्यासारखं नाही. आजी विणायची ते बाळाचे पायमोजे मला हवेत. वस्तू नाही, त्यांची रीत हवी आहे.

इथल्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही विणायला बसतो, हे तुला माहीत आहे. सुरुवातीला मला त्यांची भाषा नीट येत नव्हती, पण सुलट टाक्याला त्या ‘रेट्ट’ म्हणतात आणि उलट टाक्याला ‘व्रांग’, म्हणजेही अगदी सुलट आणि उलटच. ते कळलं त्या दिवशी मी घरी येऊन एकटीच कितीतरी वेळ आनंदात होते. सुयांच्या नंबरांनी मात्र फसवलं. तुझ्या सवयीने मी दुकानातून १० नंबरच्या सुया आणल्या, आणि त्या निघाल्या बोटाएवढ्या जाड. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. इथे नंबर म्हणजे सरळ मिलिमीटर. तुझी १० नंबरची सुई इथली सव्वातीन आणि १२ नंबरची पावणेतीन. वहीत लिहून ठेव, मी पाठवते त्या सुयांना लागेल.

गेल्या महिन्यात मी सेल्बूला जाऊन आले. गाडीने तासाभराचा रस्ता. तिथले काळे-पांढरे हातमोजे सगळ्या नॉर्वेत प्रसिद्ध आहेत. १८५७ साली मारित एमस्टाड नावाच्या मुलीने आठ पाकळ्यांचं फूल हातमोज्यांवर विणलं, ती आणि तिच्या बहिणी ते घालून चर्चला गेल्या, आणि बघता बघता गावभर तेच झालं. पूर्वी तिथे लग्नात नवरी पाहुण्यांना हातमोजे देत असे. मला आपलं रुखवत आठवलं, ताईच्या रुखवतात तू मांडलेली ती लोकरीची बाहुली आठवली. आणि ते हातमोजे टेबलावर ओळीने ठेवलेले पाहून काळ्या साडीवरचे हलव्याचे दागिनेच वाटले.

त्यांचं दोन रंगांचं काम कसं चालतं ते सांगते, तुला नक्की आवडेल. तू सपाट विणून मग शिवतेस. या बायका चार सुयांवर टाके वाटून पाचवीने गोल गोल विणतात. म्हणजे सुलट बाजू सतत समोर, नक्षी चुकली तर लगेच दिसते, आणि उलट टाका जवळजवळ लागतच नाही. ज्या रंगाचं काम नसेल तो धागा मागून नेतात, पण चार-पाच टाक्यांपेक्षा लांब मोकळा सोडत नाहीत, मध्येच अडकवून घेतात, नाहीतर बोट घालताना गुंततं. म्हणून बाळाच्या मोज्यांना मी दोन रंग करत नाही. इवल्या बोटांत धागा अडकलेला आपल्याला बाहेरून दिसणारही नाही.

आता खरी गंमत. इथे सगळ्या जणी लोकर डाव्या हातात धरतात. तू मला उजव्या हाताने सुईवरून धागा फिरवायला शिकवलंस. पहिले काही गुरुवार माझ्या हाताकडे सगळ्या बघत बसायच्या आणि मला अवघडल्यासारखं व्हायचं. मग गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी माझ्या डाव्या हातात पांढरा धागा दिला आणि काळा उजव्यातच राहू दिला. दोन्ही हातांनी एकेक रंग! धागे एकमेकांत गुंतत नाहीत, लोकरीचे चेंडू सतत उलटेपालटे करावे लागत नाहीत. आता त्यांच्यातल्या तिघी माझ्याकडून उजवा हात शिकताहेत. तुझा हात, आई. पंचवटीच्या वाड्यात ओट्यावर बसून तू शिकवलेला.

तुझ्या येवल्याच्या पैठणीच्या काठातली मुनिया, म्हणजे ती पोपटाची नक्षीही, मी हातमोज्यावर उतरवली. पहिल्यांदा नेहमीच्या चौकोनी आलेख-कागदावर काढली आणि विणल्यावर पोपट बसका, पोटाळलेला झाला. टाका उंचीपेक्षा रुंद असतो, हे हाताला माहीत होतं, डोक्यात आलं नव्हतं. माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके आणि ३४ ओळी बसतात. म्हणजे १४ टाक्यांची रुंदी आणि १७ ओळींची उंची सारखीच, पाच सेंटिमीटर. मग त्याच मापाचे आडवे चौकोन आखले, तेव्हा मुनियाची मान सरळ झाली. तू ठिपक्यांच्या रांगोळीतून कितीतरी नक्ष्या विणल्यास, पण कागदावर कधी मांडल्या नाहीस. कशा जमवायचीस?

आणि आता पायमोजे. पुढच्या महिन्यात मी गटाला ते शिकवणार आहे असं कबूल करून बसले. हाताने करते तेव्हा होतात. लिहायला बसले तर इतकं लिहिता आलं: ३१ टाके घालायचे. एक ओळ सोडून एक, दोन्ही टोकांना आणि मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, असं तीन वेळा, म्हणजे ४३. मग तळव्यासाठी आठ ओळी सगळ्या सुलट. पुढे बाजूचे १७-१७ तसेच ठेवून मधल्या ९ टाक्यांवर पुढे-मागे विणत, प्रत्येक ओळीच्या शेवटी बाजूचा एक टाका एकत्र करून आत घ्यायचा. सोळा ओळींनी २७ उरतात. तिथून घोट्याची पट्टी, दोरीसाठी जाळीची एक ओळ, आणि टाके सैल बंद.

गणित बरोबर आहे. पण पाऊल सुरू होतं तिथे, पहिल्या वळणाला, दोन्ही कोपऱ्यांत माझ्याकडून एक-एक भोक पडतं. आजीच्या मोज्यांत ते कधीच नसायचं. ताईच्या बाळंतविड्यातला जोड मी जपून आणला आहे. भिंगाखाली धरून पाहिला, कळत नाही. वळताना ती पहिला टाका न विणता उचलायची? की खालच्या ओळीतला दोरा वर ओढून घ्यायची? तू तिच्याशेजारी बसायचीस, तुझ्या बोटांत ते नक्की असणार. आठवायचा प्रयत्न करू नकोस. जाड लोकरीने फक्त तेवढा भाग विण आणि भाचीला मोबाइलवर तुझे हातच चित्रित करायला सांग, हळू. तिलाही त्या निमित्ताने टाके घालायला शिकव. सुट्टीत दुपारी ती तुझ्याजवळच असते.

मी शिकवेन तेव्हा आजीचं नाव घेऊन शिकवेन. इथे हातमोज्यांच्या बाबतीत दीडशे वर्षांनंतरही मारितचं नाव घेतात, मग आपल्या माणसाचं का राहू नये?

बाबांना आणि ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत सुया, मुनियाचा कागद आणि काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या चार लड्या आहेत. ही शुद्ध मेंढीची लोकर, आपल्या मेनरोडवरच्या लोकरीसारखी मशीनमध्ये टाकू नकोस. गरम पाण्यात चोळली तर आटून नमद्यासारखी घट्ट होते. थंड किंवा कोमट पाणी, न पिळता टॉवेलमध्ये दाबायची, आणि सावलीत आडवी पसरायची. लडीचा चेंडू करताना बाबांना हात पुढे धरून बसव, पूर्वी बसायचे तसे.