एक ऑर्डर शेवटपर्यंत शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘ई-कॉमर्सची ओळख’ हा विषय मी शिकवते. त्याआधी नऊ वर्षं एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या परतावा विभागात होते. दोन्ही कामं केल्यामुळे एक गोष्ट सारखी सलते, म्हणून हे पत्र.

उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की पहिलं उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच असतं. बी टू बी (व्यवसाय ते व्यवसाय), बी टू सी (व्यवसाय ते ग्राहक), सी टू सी (ग्राहक ते ग्राहक) यांच्या व्याख्या, मग पाच फायदे, पाच तोटे. मार्क पैकीच्या पैकी द्यावे लागतात. त्याच मुलांना मी वर्गात विचारलं, “ग्राहकाचे पैसे कापले गेले, पण ऑर्डर झालीच नाही. मग या क्षणी पैसे कुठे आहेत?” वर्ग चिडीचूप. बऱ्याच वेळाने एकजण म्हणाला, “सर्व्हरमध्ये.” मुलं हुशार आहेत, पण त्यांना हे कुणी दाखवलेलंच नाही.

कार्डाने पैसे देताना ग्राहकाची बँक आधी ती रक्कम फक्त राखून ठेवते. दुकानाने ती नंतर मागून घ्यायची असते, आणि दुकानाच्या खात्यात ती जमा होते त्यानंतरच्या हिशेबात. या तीन पायऱ्यांच्या मध्ये कुठेही जोडणी तुटू शकते. बँकेने होकार दिला, पण तो दुकानापर्यंत पोचलाच नाही, तर रक्कम अडकते आणि ऑर्डर मात्र दिसत नाही. घाबरलेला ग्राहक पुन्हा बटण दाबतो. ही दुसरी मागणी नवी नसून पहिलीच आहे, हे यंत्रणेला ओळखता यावं म्हणून प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्रमांक द्यावा लागतो, आणि पुन्हा बटण दाबलं तरी तोच क्रमांक जावा लागतो. हे समजायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. पावतीपुस्तकावरचे नंबर ज्याने पाहिलेत त्याला ते कळतं.

मागच्या सत्रात मी टेबलावर एक डस्टर ठेवला आणि वहीत लिहिलं, ‘शिल्लक १’. दोन मुलींना एकाच वेळी वही बघायला सांगितली. दोघींनी १ वाचला, दोघींनी आपापल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर घेतली, दोघींनी ० लिहिलं. ऑर्डर दोन, डस्टर एक! मग नाही कुणाला म्हणायचं, यावर अख्खा तास वाद झाला. गिऱ्हाईक पैसे भरत असताना वस्तू त्याच्या नावाने धरून ठेवायची, हा तोडगा मुलांनी स्वतःच काढला. पाठोपाठ मागच्या बाकावरून प्रश्न आला, किती मिनिटं धरायची? कमी धरली तर सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून ती जाणार, जास्त धरली तर न घेणारा माणूस माल अडवून बसणार. असा तास मला व्याख्या लिहून देताना कधी मिळाला नव्हता.

पाठ्यपुस्तकात इतिहास म्हणून सनावळी असते. तीही बोलकी करता येते. ११ ऑगस्ट १९९४ रोजी नेटमार्केट नावाच्या ऑनलाइन दुकानातून एक संगीताची सीडी १२.४८ डॉलर अधिक टपालखर्च अशी विकली गेली आणि त्याची वर्तमानपत्रात बातमी झाली. सीडी विकण्यात बातमी कसली? कार्डाचा नंबर वाटेत कुणाला वाचता येऊ नये असा कूटबद्ध करून पाठवला होता, ही बातमी. इथून ब्राउझरमधल्या कुलुपाच्या चिन्हाकडे जाता येतं. ते चिन्ह एवढंच सांगायचं की वाट सुरक्षित आहे. पलीकडचा दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. फसव्या साइटींवरही ते सर्रास दिसू लागलं, आणि २०२३ मध्ये क्रोमने ते बदलून टाकलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं आजही त्याला चांगल्या दुकानाची खूण समजतात.

दुकानदारावर विश्वास कशाने ठेवायचा, हा प्रश्न तर इंटरनेटहून जुना. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन तो मांडला होता. मालाची खोट विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. ग्राहकांचे अभिप्राय, तारे, परत करण्याची मुभा हे सगळे त्यावरचेच उपाय. अभ्यासक्रमात ते ‘विपणन’ या प्रकरणात दोन ओळींत उरकलेले आहेत.

परताव्याला तर एकच ओळ आहे, आणि माझी नऊ वर्षं त्या ओळीत गेली. परत आलेला खोका उघडायचा, वस्तू वापरली आहे का ते पाहायचं, पुन्हा विकण्याजोगी असेल तर नवं लेबल, नसेल तर वेगळा ढीग. मग बिल रद्द, साठ्याची नोंद आणि पैसे आले त्याच वाटेने परत. एकदा एका खोक्यात चिठ्ठी होती, ‘माप बरोबर आहे, रंग फोटोतला नाही.’ फोटो काढणारा विभाग वेगळा होता, चिठ्ठी त्यांच्यापर्यंत जायची सोयच नव्हती. आम्ही बँकेला सूचना पाठवली की लगेच पडद्यावर ‘परतावा पूर्ण’ असं दाखवायचो. पैसे पोचायला त्यानंतर बरेच दिवस लागत, आणि माणसं काकुळतीला येऊन फोन करत. ते दोन शब्द खोटे होते. आज माझ्या हाताखालून जाणारी मुलं उद्या असेच शब्द लिहिणार आहेत.

सहकारी म्हणतात, ही नुसती ओळख आहे, एवढ्या खोलात वेळ कुठला? वेळ व्याख्यांतून काढावा. ऑर्डरच्या मागोमाग चालताना त्या आपसूक भेटतात. व्याख्या नकोत असं माझं म्हणणं नाही, पण त्यांच्यावर निम्मे मार्क नकोत.

अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की एक पूर्ण घटक आणि निदान वीस मार्क एका ऑर्डरच्या प्रवासाला द्यावेत: मागणी, पैसे, साठा, रवानगी, परतावा, तक्रार. संगणक नसला तरी चालेल, सहा वह्या पुरतात. माझ्या वर्गाने भरलेल्या वह्या जपून ठेवल्या आहेत. पुढच्या बैठकीत कुणाला पाहायच्या असतील तर मी घेऊन येईन.

आपली,
एक शिक्षिका