देवगडच्या काकांस, आभार आणि थोडा हिशेब

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

नाव कुठे येता कामा नये ही तुमची अट पाळूनच हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. खाजगीत पाठवलं असतं तर तुम्ही ते घडी घालून पंचांगात ठेवलं असतं आणि विषय संपला असता. पण समुद्राकडची जमीन विकून आलेले पैसे तुम्ही बँकेत ठेवलेत, त्यांचं व्याज दर वर्षी रक्ताच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या एका नवख्या संशोधकाला द्यायचं ठरवलंत, तेव्हा गावात कुजबूज झाली तीही चारचौघांतच. देवळाचा सभामंडप अर्धवट आहे, निदान अँब्युलन्स तरी घ्यायची, असं लोक म्हणाले.

अँब्युलन्सवाल्यांचं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. काकूंना ताप, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट खाली, म्हणून आधी डेंग्यूच धरून चालले सगळे. मग फोंडा घाट चढून कोल्हापूर, तिथून मुंबई. तो प्रवास तुम्ही कसा केलात हे ज्यांनी पाहिलंय ते गाडीच मागणार. शिवाय गाडी दारात उभी दिसते. माझं काम कुणाला दिसत नाही, म्हणून ते इथे सांगते.

काकूंचा आजार एएमएल, म्हणजे ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. त्याच्या केमोथेरपीची घडी जुनीच आहे: सात दिवस सायटाराबिन, त्यातले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन. १९७३ पासून हे चाललंय. अलीकडे नवी औषधं आली, पण तब्येतीला झेपत असेल तर अजूनही बऱ्याच जणांची सुरुवात इथूनच होते. पुष्कळांचा आजार मागे हटतो, काचेखाली अस्थिमज्जा स्वच्छ दिसते, घरी पेढे वाटले जातात, आणि काही महिन्यांत तो परत येतो. कारण थोड्या पेशी उरलेल्या असतात. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, दहा हजारांत एक असली तरी ती सापडते. औषध पचवून ती उरते कशी, हा माझा विषय. मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे थ्रिप्सच. एकच फवारणी मारीत रवला काय उरलेली कीड दाद देणा नाय." समितीतल्या डॉक्टरांना ते पटायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला!

आता पैशांचं. २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला, म्हणजे पीएचडी करणाऱ्या नवख्या संशोधकाला, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. वेळेवर मिळाले तर. पीएचडी संपली की तेही थांबतं, आणि पुढचा प्रकल्प मंजूर होईपर्यंत माणूस अधांतरी. वय लग्नाचं, घरचे विचारतात नोकरी कधी, आणि याच काळात चांगली चांगली मुलं कंपन्यांत निघून जातात. त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. मुंबईत खोलीचं भाडं भरायचं असतं. तुमच्या निधीने माझा तो काळ निभावला. उरलेल्यातून पेशींवरच्या खुणा ओळखायला लागणाऱ्या अँटिबॉडी आल्या. बोटाच्या पेराएवढी कुपी, किंमत पाच आकडी. पेशी गोठवून ठेवायला लागणारा द्रवरूप नायट्रोजनही त्यातच. रुग्णाने संमती देऊन दिलेला मज्जेचा नमुना संध्याकाळी आला तरी त्याच रात्री हाताळावा लागतो, तेव्हा रात्रीच्या टॅक्सीचे पैसेसुद्धा तुम्हीच दिलेत म्हणायचे.

समितीने विचारलं, औषध किती वर्षांत? मी गप्प. तुम्ही म्हणालात, "ता सोड. काय गावला ता सांग, नि काय नाय गावला ता पन सांग." काका, हे वाक्य मी टेबलावर लिहून ठेवलंय. अर्ज तपासणारा असा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र सापडलं. हंगरफर्ड तेव्हा विद्यार्थीच होता, प्रबंध लिहीत होता. नोवेलने काचा साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या, त्याने पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी दिसली. त्याचं काय करायचं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. शिकागोच्या जॅनेट राउलीने १९७३ मध्ये दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यावरून पुढे इमॅटिनिब हे औषध निघालं, २००१ साली मंजूर झालं, आणि त्या आजाराचे रुग्ण आज रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं कामधंदा करतात. मध्ये एक्केचाळीस वर्षं गेली. हंगरफर्डला कुणी पहिल्या वर्षी औषध मागितलं असतं तर?

तुमच्याआधीही कुणी असं केलंय. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट काढला, ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांसाठी, देशोदेशींच्या. त्या वेळी या आजारावर उपयोगी पडेल असं औषध जवळपास नव्हतंच.

तर हिशेब. माझा पहिला अंदाज होता की उरलेल्या पेशी औषध पंपासारखं बाहेर फेकतात. आमच्या नमुन्यांत तसं फारसं दिसलं नाही. सायटाराबिन विभागणाऱ्या पेशींना मारतं, तेव्हा या पेशी विभागणंच थांबवून बसतात का, ते आता पाहते आहे. एवढंच गावलंय. नाही गावलं ते पुष्कळ.

फोनवर तुम्ही विचारलंत, आयआयटी आणि टाटा हॉस्पिटलने केलेली ती कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायची थेरपी, आपल्या आजाराला का नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेली ती थेरपी बी-पेशींवरची (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरची) सीडी१९ ही खूण धरते. बी-पेशी गेल्या तरी माणूस जगवता येतो. एएमएलच्या पेशींवरच्या खुणा मज्जेतल्या निरोगी पेशींवरही असतात, त्या सगळ्या मारून चालत नाही. त्यावरही तरुण मंडळी काम करताहेत, त्यातल्या एकीने यंदा तुमच्याकडे अर्ज केलाय.

तिच्या मुलाखतीला मी येईन, चहाही करीन, पण माझं मत विचारू नका. तिच्या गाइड मला ओळखतात. तुम्ही तुमचा तो प्रश्न विचारा म्हणजे झालं. आणि आंब्याची पेटी लॅबवर पाठवू नका, तिथल्या फ्रिजमध्ये खाण्याचं काही ठेवायला बंदी आहे. खोलीवर पाठवा.

तुमची,
निधीची पहिली लाभार्थी