उपाशी घोडा आणि मॅपलच्या बिया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमध्ये राहून मुलांसाठी तट्टू पाळणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या कुरणातले दोन वर्षांचे शिंगरू सकाळी मान टाकून उभे दिसले; मांड्या थरथरत होत्या आणि लघवी काळ्या कॉफीसारखी होती. मालकाला पोटशूळ वाटला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

प्रत्यक्षात तो स्नायूंचा विकार होता. त्याचे कारण म्हणजे सिकॅमोर मॅपल या झाडाच्या, भिंगरीसारख्या गिरक्या घेत पडणाऱ्या पंखवाल्या बिया. त्यांतील हायपोग्लायसिन-ए या विषामुळे चरबीपासून ऊर्जा मिळवण्याची स्नायूंची वाटच बंद होते, आणि उभे राहण्यासाठी व श्वासासाठी अहोरात्र राबणारे स्नायू आधी निकामी होतात. आजारी पडलेल्या चारांपैकी साधारण तीन घोडे दगावतात. मुझफ्फरपूरमध्ये लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांच्या 2014 मधील आजाराच्या तपासात हेच विष आढळले होते, हे वाचकांना आठवत असेल.

रिकाम्या पोटाचा हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. इकडे सारा दोष झाडाला देण्याची पद्धत आहे. पण वारा कुंपणापलीकडच्या झाडाच्या बियाही आणून टाकतो, तेव्हा करवतीने प्रश्न सुटत नाही. शरदात गवत खुरटलेले, घोडे दिवसरात्र बाहेर आणि वरून वाळला चारा नाही, अशा कुरणात एरवी जे घोडा हुंगून सोडेल तेही तो खातो. तीन वर्षांखालची आणि अंगाने रोड जनावरे अधिक बळी पडतात. ओढ्याकाठची दमट कुरणेही धोक्याची. म्हणून बिया पडू लागल्या की, विशेषतः वादळानंतर, घोडे काही तासच सोडावेत, वाळले गवत जमिनीवर न पसरता जाळीत द्यावे आणि पाणी ओढ्याऐवजी नळाचे ठेवावे. आमच्या गावात निम्म्याहून अधिक मालक यातले काहीच करत नाहीत. जागा महाग, चारा त्याहून महाग, हे खरे असले तरी.

वसंतात त्याच बियांची दोन पानी रोपे उगवतात व तीही विषारीच असतात. ती कापून कुरणातच टाकणे, किंवा त्या कुरणाचे गवत वाळवून पुढच्या हिवाळ्यासाठी भरून ठेवणे, या दोन्ही चुका सर्रास होतात; वाळल्याने हे विष जात नाही.

आपला,
एक वाचक, यॉर्कशायर