भूपट्ट फाटल्याचा निकाल एका नकाशावरून नको

माननीय संपादक,

‘भारतीय भूपट्ट दुभंगतोय’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून येते आणि मग महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरते. बहुतेक वेळा तिचे मूळ डिसेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या तिबेटवरच्या संशोधनात असते. तिबेटखाली सरकलेल्या भारतीय भूपट्टाचा खालचा भाग वरच्यापासून सुटत असावा, असे त्यात म्हटले आहे. संशोधन गंभीर आहे, पण बातमीत त्याची एकच बाजू उतरते. भूकंपलहरींनी दाखवलेली खालची रचना आणि तिबेटातल्या झऱ्यांमध्ये सापडणाऱ्या हेलियमचे प्रकार, असे दोन वेगळे पुरावे तिथे शेजारी ठेवले आहेत. झऱ्यात हेलियम-३ चे प्रमाण जास्त असेल तर तप्त प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, जवळ आहे. कमी असेल तर मध्ये भारताचे जुने, थंड शिलावरण (कवच आणि प्रावरणाचा वरचा टणक भाग) अजून शाबूत आहे. यातला एक पुरावा काढून घेतला तर दावा लंगडा पडतो. शिवाय ही प्रक्रिया लाखो वर्षांची आहे. उद्याच्या भूकंपाशी तिचा संबंध जोडणे म्हणजे निव्वळ घबराट.

एकाच पुराव्यावर विसंबले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या बहुतांश भागावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचे पांघरूण आहे. त्याखालचा पायाभूत खडक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गुरुत्वमापनावर भिस्त: खाली हलका खडक असेल तिथे गुरुत्व किंचित कमी भरते. १९७३ मध्ये कृष्णब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाच्या घटीवरून कोयना व कुर्डुवाडी येथे बेसॉल्टखाली गाळाने भरलेल्या खचदऱ्या (कवच ताणले जाऊन खचलेले लांबट पट्टे) असाव्यात असे मांडले. तेव्हाच्या माहितीनुसार ते तर्कशुद्ध होते. पुढे कोयना परिसरात वैज्ञानिक विंधनविवरे घेतली गेली. बेसॉल्टची जाडी कुठे सुमारे ४०० मीटर, तर कुठे १२५० मीटर भरली. कोकणाच्या बाजूला कमी, पठारावर जास्त. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटरचे विवर पूर्ण झाले. बेसॉल्ट संपताच ग्रॅनाइट-नाइस (दाब आणि उष्णतेने पालटलेला पट्टेदार खडक) लागला. खचदरीत अपेक्षित असलेला जाड गाळ मिळालाच नाही.

गुरुत्वमापक खोटे बोलत नाही. चूक बहुधा घनता गृहीत धरण्यात होते. घाटमाथ्याच्या डोंगरांचे आकर्षण वजा करताना त्यांची घनता किती धरायची? पाठ्यपुस्तकी आकडा घन सेंटीमीटरला २.६७ ग्रॅम. ठोस बेसॉल्ट २.९ च्या आसपास, पण लाव्हाच्या प्रवाहांच्या वरच्या बाजूचा सच्छिद्र दगड आणि मधले लाल थर त्यापेक्षा बरेच हलके. हजार मीटर उंचीच्या डोंगराची सरासरी घनता ०.२ ने जास्त धरली, तर गुरुत्वात ८.४ मिलिगॅलची (मिलिगॅल हे गुरुत्वमापनातले एकक) खोटी घट तयार होते. आजूबाजूच्या खडकापेक्षा ०.२७ ने हलका असा पाऊण किलोमीटर जाडीचा गाळ कागदावर उभा करायला तेवढी पुरते. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे: गुरुत्वाचे आकडे घेताना प्रत्येक प्रवाहाचे ठोस आणि सच्छिद्र असे दोन्ही नमुने उचलायचे, कोरडे आणि पाण्याने भिजवलेले अशी दोन्ही वजने करायची आणि जाडीच्या प्रमाणात सरासरी काढायची. या कामासाठी हातोडी आणि साधा काटा लागतो; संगणकातले प्रारूप कितीही देखणे असले तरी ती कसर भरून काढत नाही.

गृहीत धरलेल्या आकड्याचा हा फटका भूकंपलहरींनाही टळत नाही. दूरच्या, पृथ्वीच्या गोलावर साधारण ३० ते ९० अंशांवरच्या मोठ्या भूकंपाची लहर खालून येते तेव्हा कवच आणि प्रावरण यांच्या सीमेवर, म्हणजे ‘मोहो’वर, तिचा काही भाग वेगवान पी लहरीतून मंद एस लहरीत बदलतो आणि थोडा उशिरा पोचतो. हा उशीर ४.४ सेकंद आहे आणि कवचातला पी लहरींचा वेग सेकंदाला ६.४ किलोमीटर आहे असे धरू. पी आणि एस यांच्या वेगांचे गुणोत्तर १.७३ घेतले तर मोहो सुमारे ३७ किलोमीटरवर येतो, १.८० घेतले तर ३४ च्या आत. यंत्र तेच, नोंद तीच, फरक तीन किलोमीटरचा. हे गुणोत्तर खडकावर ठरते: ग्रॅनाइटी कवचात कमी, गडद, लोहमॅग्नेशियमयुक्त कवचात जास्त. बेसॉल्टच्या थरात लहर वरखाली आपटत राहते आणि पहिल्या सेकंदाची नोंद गढूळ करते, ते वेगळेच.

मग खालचा खडक कोणता, हे कोण सांगणार? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचे विवर घेतले गेले. ३३८ मीटर बेसॉल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळ आणि त्याखाली अतिप्राचीन पायाभूत खडक. पण तो साधा ग्रॅनाइट नव्हता. ॲम्फिबोलाइट ते ग्रॅन्युलाइट दर्जापर्यंत, म्हणजे खोलवरच्या उच्च तापमानात भाजलेला, नेहमीच्या ग्रॅनाइटपेक्षा जड असा, कवचाच्या मधल्या भागात तयार होणारा खडक होता. जो खडक पंधराएक किलोमीटर खोलीवर असायचा, तो साडेतीनशे मीटरवर सापडला. म्हणजे वरचे कित्येक किलोमीटर जाडीचे कवच बेसॉल्ट पसरण्याआधीच झिजून गेले होते. ही गोष्ट कुठल्याही लहरीच्या नोंदीत दिसली नसती, कारण लहर फक्त आजची स्थिती सांगते. काल काय घडले ते खडकातल्या खनिजांत असते.

अर्थात खडकाची साक्षही तपासूनच घ्यावी लागते. खडकातल्या गार्नेट या खनिजाच्या रासायनिक घटकांवरून तो किती दाबाखाली तयार झाला ते काढतात. एका किलोबारला साधारण ३.७ किलोमीटर खोली. पद्धतीतली चूक सहज एक किलोबारची असते. त्यात कणाची कडा मोजली तर थंड होतानाचा दाब मिळतो, मधला भाग मोजला तर आधीचा. धुळे जिल्ह्यात तलवाडे आणि राजमाने येथील डाइकमध्ये (भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भिंतीत) पायाभूत खडकाचे तुकडे अडकून वर आले आहेत: नाइस, ग्रॅन्युलाइट, क्वार्टझाइट. विंधनविवराशिवाय मिळालेला हा खजिनाच. पण बेसॉल्टच्या रसाने या तुकड्यांच्या कडा भाजलेल्या असतात. त्या कापून टाकल्याशिवाय वय किंवा रसायन काढू नये. तुकडा किती खोलीवरून आला हेही तो आपणहून सांगत नाही. तिथे पुन्हा लहरींच्या वेगाचा आधार घ्यावा लागतो.

सर्वांत मोठा वाद त्याहून खोल आहे. आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यात वज्रकरूरचे किंबरलाइट (प्रावरणातून उसळून आलेले ज्वालामुखी खडक) सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी वर आले आणि त्यांनी हिरे आणले. हिरा टिकायला दीडशे किलोमीटरच्या आसपास खोली आणि तुलनेने कमी तापमान लागते, म्हणजे त्या काळी भारताचे शिलावरण निदान तेवढे जाड होते. २००७ मध्ये एस लहरींवरून आजची जाडी शंभर किलोमीटरच्या घरात सांगितली गेली. इतर काही अभ्यासांत ती बरीच जास्त येते. शिलावरणाचा खालचा भाग झिजला, की शंभर किलोमीटरवर दिसणारी सीमा शिलावरणाचा तळ नसून त्याच्या पोटातलाच एखादा थर आहे? आमचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण निर्णय द्यायचा तर उष्णताप्रवाह, खडकांतले उष्णता निर्माण करणारे युरेनियम-थोरियम-पोटॅशियम आणि विद्युतवाहकता हे सारे एकाच छेदावर बसवून पाहावे लागेल.

विद्युतवाहकतेचे मापन महाराष्ट्रात अवघड होत चालले आहे. उच्चदाबाच्या तारा आणि विद्युत रेल्वे यांचा गोंगाट नोंदीत शिरतो. दूर शांत ठिकाणी दुसरे केंद्र एकाच वेळी चालवले नाही तर ती नोंद टाकाऊ. उन्हाळ्यात बेसॉल्टच्या उघड्या खडकावर इलेक्ट्रोडचा जमिनीशी संपर्कच होत नाही. खड्डा खणून, खारवलेला चिखल भरून, रात्रभर मुरू द्यावा लागतो.

आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे चित्र कोणत्या लहरींवरून काढले, खडकाचा किंवा पाण्याचा कोणता नमुना त्याला जुळतो, आणि खोलीच्या आकड्यात अधिक-उणे किती. तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल तर मथळ्यात ‘फाटतोय’ लिहू नये.

शासनाकडेही एक मागणी आहे. बोगदे, धरणे आणि खोल विंधनविवरे यांतून निघणाऱ्या खडकाच्या कोअरवर (दंडगोल नमुन्यांवर) खोली, दिशा आणि ठिकाण लिहून त्या किमान जिल्हा पातळीवर जपाव्यात. काम संपल्यावर पेट्या उघड्यावर पडून खोलीचे आकडे पुसले गेले की त्या दगडाची किंमत खडीइतकीच उरते. धुळे-नंदुरबार भागातल्या ज्या डाइकमध्ये असे परके तुकडे दिसतात, तिथे खाणपट्टा देण्याआधी भूवैज्ञानिकाकडून पाहणी आणि नमुने घेण्याची अट असावी.

— भूविज्ञान व भूभौतिकी या विषयांचे दोन अध्यापक, पुणे